ते उखळ, तो डंक आणि तुमची प्रतिक्रिया

ताई,

(नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘माझं माहेर त्याच बोळात आहे’ असं लिहिलंत, म्हणून ताई म्हणतो.)

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. चार ओळींचं उत्तर लगेच लिहिलं होतं, जरा तिखटच. सुदैवानं ते पाठवायच्या आधी पुसलं. सोमवारी सकाळी दुकानात गेलो, बुधवारी पुन्हा गेलो, आणि आज गुरुवारी लिहायला बसलोय. त्यामुळे उशीरही झाला आणि उत्तरही लांबलं.

ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या अंगाला शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं एक छोटं दुकान आहे. त्याचा ४८ सेकंदांचा व्हिडिओ मी केला आणि तो कसा केला ते इथं लिहिलं. त्यावर ताईंचं म्हणणं असं: या दुकानात उखळ वापरून कैक वर्षं झाली, चटणी मागच्या खोलीत डंकावर (मोटरच्या कांडपावर) होते, मग दुकानातल्या आजी, म्हणजे अव्वा, उखळात चटणी कांडताना दाखवणं ही सरळ फसवणूक. शिवाय अव्वांना ‘जरा शुद्ध बोलायला’ सांगायला हवं होतं, लोक हसतात. आणि मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओचे पाच हजार कशाचे? ना गाणं, ना ड्रोन, आणि पाहिला किती जणांनी, तर अकराशे.

उखळाबद्दल तुम्ही बरोबर आहात. अगदी शंभर टक्के. बाकीच्यावर मी भांडणार आहे, पण आधी उखळाचं.

झालं असं की पहिल्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावलो तेव्हा मला तिथं व्हिडिओ दिसलाच नाही. अंधारी खोली, वर एकच ट्यूब, भिंती मिरचीच्या भुकटीनं लालसर झालेल्या, आणि मधोमध तो डंक धाडधाड आपटतोय. आत पाऊल टाकलं की पहिली शिंक, मोबाईल वर केला की दुसरी. स्क्रीनवर बघतो तर काळे पट्टे वरून खाली सरकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. यावर उपाय आहे, तो मला माहीतही होता, लग्नाच्या शूटिंगमध्ये अकरा वर्षं काढलीत मी. पण त्यासाठी हाताने सेटिंग करावं लागतं, तोंडाला रुमाल बांधून अर्धा तास उभं राहावं लागतं. मी बाहेर आलो.

बाहेर पडवीत कोपऱ्यात ते दगडी उखळ होतं. त्यात कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या होत्या. सकाळचं ऊन बरोबर त्याच्यावर तिरपं पडलेलं. फोटो काढणाऱ्या माणसाला असं ऊन दिसलं की त्याची अक्कल थोडा वेळ सुटीवर जाते. मी अव्वांना म्हटलं, “अव्वा, जरा यात दोन घाव घाला की.” त्या म्हणाल्या, “आता कशाला रं ते? आत डंक हाय की.” मी म्हटलं, “नुसतं दाखवायला.”

त्यांनी जुड्या काढल्या, उखळ पुसलं, वहिनींनी वरची मुसळी शोधून आणली. पहिले पाच-सहा घाव अवघडल्यासारखे पडले. मग एकदम काहीतरी जुळलं. डाव्या हाताने कडेची चटणी आत लोटायची आणि उजव्या हाताने घाव, मध्ये एक इंचही चूक नाही, नजर भलतीकडेच. सत्तरीतल्या बाईचे ते सात सेकंद मी इतक्या वर्षांत काढलेल्या सगळ्यांत चांगल्या सात सेकंदांपैकी आहेत, हे आजही म्हणेन. रात्री एडिटिंगला बसलो तेव्हा ते सात सेकंद सुरुवातीला टाकले, आणि त्यांच्या पाठोपाठ, लगेच, चटणीचं पाकीट. वर अक्षरं: ‘अव्वांच्या हातची शेंगा चटणी’.

आता बघा, यात एकही शब्द खोटा नाही असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. अव्वांनी खरंच कांडलं. पाकीट खरंच त्याच दुकानाचं. मसाल्यात मीठ-लसणाचं माप अजूनही अव्वाच टाकतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, त्यामुळे ‘हातची’ हेही निम्मं खरं. पण घाव आणि पाकीट ही दोन दृश्यं मी एकमेकांना चिकटवली आणि खोटं त्या सांध्यात जन्मलं. बघणारा त्यातून एकच अर्थ काढणार, या घावातून हे पाकीट आलं. बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं, सांध्याला कोण पकडणार? तुम्ही पकडलंत, कारण तुम्ही त्या बोळात वाढलात.

सोमवारी दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या अण्णांना तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. त्यांना आधी हसू आलं. “समद्यांना म्हाईत हाय ओ डंकावर होते ते. लपवून ठेवलंय का आमी? आवाज चौकापर्यंत जातोय.” बरोबर आहे. गल्लीतल्या कुणाची फसवणूक झालेली नाही, त्यांनी फार तर म्हटलं असेल, अव्वाला आज काय सुचलं बे हे. पण व्हिडिओ गल्लीसाठी थोडाच केला होता. मग मी विचारलं, कुणी उखळाबद्दल काही विचारलं का? तेव्हा अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, हो, एक पुण्याची बाई आली होती. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला मुलीकडे जाणार होती. म्हणाली, “उखळातली वेगळी असेल ना? ती द्या, पैसे जास्त घ्या.” अण्णांनी सांगितलं की तशी काही वेगळी नसते, सगळी एकच. तिने पाव किलो घेतली, पण तोंड उतरलं होतं तिचं. अण्णा म्हणाले, “मला उगंच चोर झाल्यागत वाटलं.”

हे ऐकल्यावर माझं पुसलेलं उत्तर आठवून मलाच लाज वाटली. खोटं मी बोललो आणि चोरासारखं वाटलं त्या माणसाला, जो चाळीस वर्षं त्याच पायरीवर बसून खरं माप देतोय.

तुम्ही ‘फसवणूक’ शब्द वापरलात तेव्हा मला तो जड वाटला होता. कायद्याच्या भाषेत तो फार लांबचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, २०२२ च्या जूनमध्ये त्यावर मार्गदर्शक तत्त्वंही आली, आणि दंडाचा आकडा दहा लाखांपर्यंत जातो. खाण्याच्या पदार्थांना तर आणखी वेगळं बंधन आहे. एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१८ च्या नियमांत ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असले शब्द कधी वापरायचे याच्या अटी घातलेल्या आहेत. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती किंवा करण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हवी. आपण चटणीच्या प्रत्येक पाकिटावर तो शब्द मीठ भुरभुरावं तसा भुरभुरतो. बाळीवेशीतल्या दुकानावर दहा लाखांचा दंड ठोकायला कुणी येणार नाही हे मलाही कळतं. पण ज्याच्या नावावर परवान्याचा चौदा आकडी नंबर छापलेला आहे तो अण्णा आहे, मी नाही. व्हिडिओ करणारा पैसे घेऊन घरी जातो.

तर बुधवारी नवीन शूटिंग केलं. डंकाचं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला माहीत असलं तरी वाचणाऱ्या पुष्कळांना डंक म्हणजे काय तेच माहीत नसेल.

डंक म्हणजे मोटरवर चालणारं कांडप. जाड दांडे वर उचलले जातात आणि आपल्या वजनानं खाली पडतात, बस. म्हणजे उखळ-मुसळाचंच काम, हात तेवढा मोटरचा. मिक्सरचं तसं नाही. मिक्सरचं पातं कापतं, गरगर फिरून गरम करतं, दाण्याचं कूट होतं. डंक चेचतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं, ते चेचल्यावर बाहेर येतं. सोलापूरच्या चटणीला जो ओलसरपणा असतो, बोटाला लागतो, भाकरीला धरून राहतो, तो पाण्याचा नाही आणि वरून घातलेल्या तेलाचाही नाही. म्हणून तर ती टिकते. आणि म्हणूनच, खरं सांगायचं तर, डंक दाखवायला लाजण्याचं कारणच नव्हतं. अव्वांनी मुसळ टाकून डंक आणला तो खांदा दुखायला लागला म्हणून, चव बदलायची म्हणून नाही. मी ज्याला कुरूप समजून बाहेर आलो, तीच त्या दुकानाची खरी गोष्ट होती.

मागचं दार सकाळी अकराच्या सुमारास उघडलं की उन्हाचा एक पट्टा डंकाच्या पायाशी येतो. स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या थर्माकोलचा एक तुकडा आणला, वहिनींनी तो धरला, उजेड वर फेकला. ट्यूब बंद. उन्हात लुकलुकण्याचा प्रश्नच उरला नाही. भाकरी थापतानाचं दृश्य मात्र ट्यूबखालीच घ्यावं लागलं, तिथं सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक शतांश सेकंदावर अडकवलं, पट्टे गेले. (हे माझ्यासारखी कामं करणाऱ्या पोरांनी लिहून ठेवा. मोबाईल आपसूक ३० फ्रेमवर असतो आणि शटर वाट्टेल तिथं पळतं, मग रात्री घरी जाऊन डोकं धरून बसायची पाळी येते.) मोबाईलला भाजीची पातळ पिशवी गुंडाळली, फक्त लेन्सपुरतं भोक. तरी तीनदा पुसावी लागली.

आणि मग चार बोटांवरून, अगदी खाली, दगडी वाटीच्या काठावर मोबाईल धरला. पहिल्या मिनिटाला नुसती भुकटी, प्रत्येक घावाला थोडी उडते. लसूण पडला की वास बदलतो, तो काही कॅमेऱ्यात येत नाही, पण घावाचा आवाज बदलतो, कोरडा ‘ठक’ होता तो ‘थप’ होतो. पुढे कडेला गोळे धरायला लागतात. मग एका क्षणी काठावरची लाल रेघ चमकायला लागते. ओली दिसते. तेच तेल. ही चमक यायला लागते तिथं मी पहिलं दृश्य सुरू केलंय, आणि पाठोपाठ पाकीट टाकलंय. या वेळी तो सांधा खरा आहे.

अव्वांचे ते सात सेकंद फेकवले नाहीत. तेही नव्या व्हिडिओत आहेत, शेवटाकडे, आणि वर स्पष्ट लिहिलंय: ‘आधी अशी व्हायची.’ त्यावर तुम्हाला अजूनही आक्षेप असेल तर सांगा.

आता भांडण.

अव्वांच्या बोलण्याला हात लावणार नाही. कोण हसतं? ज्यांना हसायचंय ते हसू देत, पाकीट त्यांनाही तेवढ्यालाच मिळेल. अव्वा घरात कन्नड बोलतात, गल्ल्यावर मराठी, आणि शहराच्या पूर्व भागातलं गिऱ्हाईक आलं की तेलुगू, हे सगळं एका श्वासात. सोलापूरच्या बाजारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे येतं, त्याला कुणी विद्वत्ता म्हणत नाही एवढंच. पहिल्या दिवशी मीही एकदा प्रयत्न करून बघितला होता, कबूल करतो. कागदावर ‘आमची चटणी पूर्णपणे नैसर्गिक घटकांपासून बनवली जाते’ असं लिहून दिलं. त्यांनी ते शाळेतल्या मुलीसारखं ताठ उभं राहून म्हटलं, आणि समोरची बाई कुणी परकीच वाटायला लागली. कागद बाजूला ठेवला, नुसतं विचारलं, “अव्वा, यात तेल किती घालता हो?” तर फटकन्‌ म्हणाल्या, “तेल आमी वरनं घालत न्हाई. शेंगाचंच सुटतंय बगा.” सगळी जाहिरात त्या एका वाक्यात आहे, आणि त्यातला ‘बगा’ काढला तर अर्धी जाईल. खाली अक्षरंही मी तशीच दिली आहेत, ‘बघा’ न करता, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात आणि त्यांनाही अव्वाच ऐकू यायला हव्यात.

त्या वाक्याच्या मागे पंख्याची घरघर नाही हे लक्षात आलं का तुमच्या? एप्रिलमध्ये, सोलापुरात, पंखा बंद करून बोलून घेतलंय ते. पाच हजार कशाचे विचारलंत, त्यातले काही त्या घामाचे धरा. दोन सकाळी, एक रात्र एडिटिंगची, कॉलरला लावायचा छोटा माईक, आणि पुढच्या सहा महिन्यांत पाकिटाची किंमत बदलली तर अक्षरं बदलून देण्याचा शब्द. बुधवारच्या शूटिंगचे अर्थातच घेतले नाहीत, ती माझी चूक होती. लग्नाच्या शूटिंगला यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात आणि तिथं कुणी ‘मोबाईलवर काढलंय’ म्हणत नाही. गंमत म्हणजे तिथंही आता निम्मं मोबाईलवरच असतं.

गाण्याचं विचारलंत. सिनेमाचं गाणं दुकानाच्या जाहिरातीला लावायचं तर ज्यांच्याकडे त्याचे हक्क आहेत त्यांची परवानगी लागते. ॲपमध्ये गाण्यांची यादी दिसते म्हणून ती धंद्यालाही फुकट असते असं नाही. आणि डंकाला ठेका आहेच की.

ड्रोन कशाला, अण्णांच्या पत्र्यावरची टाकी दाखवायला? होटगी रोडचं विमानतळ एवढं जवळ, त्याच्या आसपासचं आकाश ड्रोनच्या नकाशात लाल-पिवळं असतं, परवानगीशिवाय उडवता येत नाही. सिद्धेश्वराचं तळं वरून दाखवलं की व्हिडिओ भारी दिसतो हे खरं. पण मग तो तळ्याचा व्हिडिओ होतो.

राहिले अकराशे. आकडा कमी आहे, मला आधी लागलाही होता. पण डंकावर दिवसाला निघून निघून दहा-बारा किलो चटणी निघते. एक लाख लोकांनी बघून अण्णा काय करणार? त्यांची खरी अडचण वेगळीच होती. दुकानाच्या तोंडावर विजेची डीपी आहे, पाटी तिच्या मागे जाते, आणि बोळात शिरलेला माणूस दोनदा पुढून जाऊन परत फिरतो. तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल, माहेरच्या वाटेवर पाटी कोण वाचतं. सुटीला आलेली, पुण्या-मुंबईला परत निघालेली माणसं, एका हातात बॅग, गाडीला तासभर, ती माणसं मात्र अण्णांना फोन करायची: “डीपीपाशी उभाय, आता कुठं?” म्हणून शेवटचे बारा सेकंद मी एकही तुकडा न पाडता घेतलेत. बोळाच्या तोंडापासून चालत, डीपीला वळसा, तीन पायऱ्या, अण्णांचा गल्ला. अण्णा म्हणतात की असे चार-पाच फोन रोज यायचे, आता एखादा येतो. ते बारा सेकंद रिकामे वाटतात असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला वाटणारच, ते तुमच्यासाठी नाहीतच.

जुना व्हिडिओ सोमवारीच काढून टाकला. तुमच्या घरच्या ग्रुपवर तो फिरत असेल तर पुढे पाठवू नका, अण्णांकडून नवा मागून घ्या, आणि तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ती तेलाची चमक दाबली जाऊन नुसता लाल चिखल दिसतो.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंत की उखळ वापरायचे तेव्हा चटणीत भाजलेलं जिरंही घावाच्या शेवटी पडायचं, आता आधीच पडतं. अव्वांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “कोण म्हणलं? पयल्यापासनं आदीच पडतंय.” मग वहिनींकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. या खेपेला माहेरी याल तेव्हा हे तुम्हीच समोरासमोर मिटवा. मी मोबाईल आणत नाही.